एक पळी ग्रेव्ही

ख्रिस्तजयंतीच्या जेवणात मानाचे स्थान रोस्टला असते. बोकडाची मांडी असो की गावरान कोंबडा असो, तो अखंड, तांबूस आणि तुपाने चकाकणारा असा मेजावर आला की लहानथोरांच्या माना आपोआप तिकडे वळतात. प्रार्थना होते, घरातील वडीलधारे सुरी हाती घेतात आणि पहिला काप कोणाच्या ताटात पडतो याकडे मुलांचे डोळे लागतात. त्याच मेजाच्या कडेला एका खोलगट वाडग्यात तपकिरी ग्रेव्ही वाफाळत असते. तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. परंतु वाचकहो, ज्यांनी मोठ्या कुटुंबाचे आणि लहान कमाईचे नाताळ अनुभवले आहेत, त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. रोस्ट मोजून वाटावा लागतो. ग्रेव्ही पळीने वाढता येते. एका कोंबड्यात अठरा पाने उठायची असतील तर ती ग्रेव्हीच्याच जिवावर उठतात. या दुर्लक्षित पदार्थाविषयी आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

आमचे दारव्हा हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, जिल्ह्याच्या ठिकाणापासून सुमारे ४० किलोमीटरवर. भोवती काळी जमीन, कापूस आणि तूर. या कापसासाठीच विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज कंपनीने येथून अरुंद लोहमार्ग नेला. यवतमाळ ते मूर्तिजापूर हे ११३ किलोमीटरचे अंतर ही लहानशी गाडी दारव्ह्यावरून कापीत असे. मूर्तिजापुरास कापसाच्या गाठी मुख्य मार्गावर चढत, तेथून मुंबईस आणि पुढे बोटीने मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जात. लोकांनी या गाडीला ‘शकुंतला’ असे लाडके नाव दिले. १९२१ साली मँचेस्टरमध्येच बांधलेले वाफेचे इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढीत होते. त्यानंतर डिझेलचे इंजिन आले. आज ती गाडी धावत नाही. दारव्हा-मोतीबाग हे स्थानकाचे नाव तेवढे जुन्या माणसांच्या तोंडी राहिले आहे.

वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला गेला, मँचेस्टरचे इंजिन वऱ्हाडात आले आणि त्या इंजिनामागोमाग साहेबाच्या मेजावरील रोस्टही आला. आमचे पणजोबा तरुणपणी मूर्तिजापूर येथे एका साहेबाच्या बंगल्यावर खानसाम्याच्या हाताखाली होते. भांडी घासणे, कांदे चिरणे, निखारे सारखे करणे ही त्यांची कामे. पुढे त्यांना रेल्वेत नोकरी लागली आणि बिऱ्हाड दारव्ह्यास आले. बंगल्यावरून त्यांनी काही आणले असेल तर ते एवढेच, की मांस भाजून झाल्यावर भांडे घासावयास टाकायचे नसते. साहेबाच्या खानसाम्याने त्यांना भांड्याच्या तळाशी चिकटलेली तपकिरी खरवड दाखवून सांगितले होते, म्हणे, की खरी चव येथे आहे. दूध आटवल्यावर पातेल्याला लागलेली खरवड मुलांनी भांडून खावी हे आमच्या घरांत नवे नव्हते. मांसाचीही खरवड असते आणि तिच्यावर गरम पाणी ओतले की ती सारी सुटून येते, हे मात्र नवे होते. आमच्या घरी ग्रेव्ही आली ती अशी, आगगाडीने.

‘ग्रेव्ही’ या शब्दाला मराठीत प्रतिशब्द शोधण्याचा प्रयत्न आम्ही अनेकदा केला. रस्सा म्हणावे तर रश्शात वाटण असते, वर तर्री तरंगते आणि तो मांसाबरोबरच शिजतो. ग्रेव्ही मांस शिजून झाल्यावर, त्याने मागे ठेवलेल्या रसातून निराळी करावी लागते. सार म्हणावे तर ते पातळ. शेवटी आम्ही तो शब्दच आपला मानला. इंग्रजीतही तो उसनाच आहे. जुन्या फ्रेंच हस्तलिखितांतील ‘ग्राने’ हा शब्द कोणा लेखकाने ‘ग्राव्हे’ असा चुकून वाचला आणि त्यातून ग्रेव्ही जन्मली, असा विद्वानांचा तर्क आहे. वाचण्यातील चुकीतून जन्मलेला शब्द शेकडो वर्षे लोकांच्या जिभेवर राहतो, ही गंमतच म्हणावयाची.

आमच्या अमरावती धर्मप्रांताची स्थापना १९५५ सालची. वसईसारखी गजबजलेली धर्मग्रामे आमच्या वाट्याला कधी आली नाहीत. आमच्या बालपणी दारव्ह्यात कॅथलिक घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी यवतमाळ गाठावे लागे किंवा धर्मगुरू सवडीने येतील त्या दिवशी आमचा नाताळ होई. त्यामुळे जेवण एकत्र असे. ज्याच्या घरी अंगण मोठे त्याच्या घरी चूल पेटे. ही मोजकी घरेही एका मुलुखाची नव्हती. एक गार्डसाहेबांचे घर गोव्याचे, एक घर दक्षिणेकडचे, बाकीची वऱ्हाडातलीच. नाताळगीते कोणत्या भाषेत म्हणायची याचा वाद दोन मिनिटांत मिटे. ग्रेव्ही कोणाच्या पद्धतीने करायची याचा वाद मात्र आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीच सुरू होई. गार्डसाहेबांच्या घरच्या बाईंना ती आंबट हवी. व्हिनेगार दारव्ह्यात कोठून मिळणार? डिसेंबरात आमच्याकडे संत्री येतात. त्यांतली जरा कच्ची, आंबट निवडून त्या काम भागवीत. दक्षिणेकडच्या काकू भरड कुटलेले मिरे हात सैल सोडून घालीत. आणि आमच्या वऱ्हाडी मावशींना तर आळण लावल्यावाचून कोणतीही पातळ भाजी पूर्ण झाली असे वाटतच नसे.

आळण म्हणजे काय हे विदर्भाबाहेरील वाचकांस सांगावयास हवे. बेसन पाण्यात कालवून उकळत्या पातळ भाजीत सोडतात, म्हणजे ती मिळून येते. मावशी विचारीत, “मैदा कायले पायजे? बेसन काय वाईट हाये?” प्रश्न रास्त होता. परंतु बेसनाला स्वतःची चव आहे. ते ग्रेव्हीत पडले की रोस्टच्या बाजूला झुणका येऊन बसल्यासारखे होते. ज्वारीच्या पिठानेही रस घट्ट होतो, पण जिभेला किंचित रवाळ लागतो. मैदा किंवा वस्त्रगाळ केलेली कणीक स्वतः मागे राहते आणि मांसाच्या रसाला पुढे करते. शेवटी आमच्या आजीने तोडगा काढला. पीठ गव्हाचे, आंबटपणा संत्र्याचा, मिरे दक्षिणेकडच्या काकूंच्या हातचे आणि ढवळण्याचे काम मावशींकडे. कोणाचाही पदार्थ पूर्णपणे राहिला नाही आणि कोणीही पूर्णपणे वगळले गेले नाही. आमच्या चिमुकल्या समाजाचा तो पहिला लेखी नसलेला करारनामा होता, असे आता वाटते.

आजीच्या स्वयंपाकातील एक गोष्ट पाहुण्यांना विलक्षण वाटे. नाताळची ग्रेव्ही ती कधी चाखून पाहत नसे. याचे मूळ जुन्या धर्मनियमांत होते. १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणे नाताळच्या आदल्या दिवशी उपवास आणि मांसवर्जन दोन्ही असे. त्या संहितेतील १२५० व्या नियमाने वर्जनाच्या दिवशी मांसाबरोबर मांसाचा रसही निषिद्ध केला होता. मांसाचा तुकडा न खाता नुसता रस घेतला तर चालेल काय, ही पळवाट शोधणारे लोक रोममध्येही ठाऊक असले पाहिजेत! मध्यरात्रीच्या मिस्सेनंतरच्या जेवणाची तयारी तर संध्याकाळीच करावी लागे. म्हणजे दिवसभर उपाशी असलेल्या बाईने भाजलेल्या मांसाच्या घमघमाटात उभे राहून, थेंबही जिभेवर न ठेवता, अठरा माणसांची ग्रेव्ही बरोबर जमवायची. पोप पॉल सहावे यांनी १७ फेब्रुवारी १९६६ रोजी नवे नियम घालून दिले आणि त्यांत नाताळच्या आदल्या दिवसाचा हा सक्तीचा उपवास उरला नाही. आजीने मात्र आपली रीत सोडली नाही. “आजी, मीठ पाहू का?” असे आम्ही विचारले की ती वऱ्हाडीत म्हणे, “चाखाले जीभ कायले पायजे? कान हायेत, नाक हाये.”

तिचे हे बोलणे पोकळ नव्हते. ग्रेव्ही खरोखरच कानाने आणि नाकाने होते. तिच्याकडून आम्ही जे शिकलो ते येथे सविस्तर देतो. विशेषतः आमच्या ज्या मुली-सुना नोकरीनिमित्त दूर शहरांत आहेत आणि नाताळच्या आठवड्यात दूरध्वनीवरून घाईघाईने विचारणा करतात, त्यांच्यासाठी.

पहिली तयारी यखनीची, म्हणजे हाडांच्या पाण्याची. कोंबड्याची मान, पंखांची टोके, साफ केलेले पाय आणि पेटी ही रोस्टमध्ये जात नाहीत. ती यखनीसाठी ठेवावीत. बोकडाची मांडी असेल तर नळीची दोन हाडे खाटकाकडून मागून घ्यावीत. एक कांदा, एक गाजर, पाचसहा मिरे, एक तमालपत्र आणि हाडे बुडून वर चार बोटे येईल इतके थंड पाणी. हे मंद आचेवर दोन तास ठेवावे. पाणी खळखळ उकळू देऊ नये, नुसते हलत राहावे. जोराने उकळले की वरची चरबी पाण्यात मिसळून यखनी गढूळ आणि तेलकट होते. पायांच्या कूर्चांतून आणि त्वचेतून एक चिकट द्रव्य सावकाश पाण्यात उतरते. थंडीत रात्रभर ठेवलेली यखनी सकाळी थरथरणाऱ्या वडीसारखी घट्ट होते ती याच द्रव्यामुळे, आणि ग्रेव्ही ओठांना किंचित चिकटते तीही याच्यामुळेच. नुसत्या पिठाने दाटपणा येईल, हा गुण येणार नाही.

दुसरी गोष्ट भांड्याची. आमच्याकडे भट्टी नव्हती. बिडाचे जाड पातेले चुलीवर, त्यावर लोखंडी थाळी आणि थाळीवर निखारे, अशी खालून-वरून आच देऊन रोस्ट होई. आले-लसूण, मीठ आणि मिरे लावून मुरवलेले मांस आधी थोड्या तुपात सर्व बाजूंनी लाल करून घ्यावे. येथे कान लागतो. मांस भांड्यात पडताच चर्र असा आवाज झाला पाहिजे आणि तो टिकला पाहिजे. आवाज मंदावून खदखद ऐकू येऊ लागली तर मांस भाजले जात नाही, आपल्याच पाण्यात शिजते आहे, असे समजावे. पाणी असेपर्यंत भांड्यातील उष्णता फारशी चढत नाही. पाणी आटले की ती वाढते आणि मग मांसातील प्रथिने व शर्करा यांचा संयोग होऊन तो तांबूस रंग आणि शेकडो सुवास निर्माण होतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आजीला मायारसाहेब ठाऊक नव्हते. पण बदामी रंगावर थांबायचे आणि काळा रंग येऊ द्यायचा नाही, हे ठाऊक होते. बदामी ती खरवड, काळा तो करप. करपाची कडू चव साखरेने वा आणखी कशानेही जात नाही.

रोस्ट झाला की तो परातीत काढून स्वच्छ फडक्याने झाकावा आणि अर्धा तास त्याला हात लावू नये. मुलांना हा अर्धा तास फार मोठा वाटतो. पण तेवढ्यात मांस निवते, रस आत स्थिरावतो आणि परातीत जे थोडे पाणी सुटते ते अमूल्य असते. ते शेवटी ग्रेव्हीतच जायचे असते. ग्रेव्हीची वेळ हीच. पातेल्यातील चरबी वाटीत काढून घ्यावी आणि पोह्यांचे दोन चमचे तेवढी आत ठेवावी. तितकाच मैदा त्यात घालून मंद आचेवर उलथन्याने परतावा. येथे नाक लागते. आधी कच्च्या पिठाचा वास येतो, मग भाजलेल्या भाकरीसारखा, मग शेंगदाण्यासारखा, तेथे थांबावे.

आता दोन मोठे पेले गरम यखनी, पण एकदम नव्हे. पहिली पळी घातली की पीठ फसफसून गोळा होते; घाबरू नये, ढवळत राहावे. दुसऱ्या पळीने ते सैल होते, तिसरीने मऊ. प्रत्येक पळीबरोबर तळाची खरवड उलथन्याने सोडवीत जावे. गुठळ्या का होतात हेही समजून घेण्यासारखे आहे. कोरडे पीठ थेट गरम पाण्यात टाकले की त्याचा बाहेरचा थर तत्क्षणी फुगून चिकट होतो आणि आतल्या कोरड्या पिठापर्यंत पाणी पोहोचूच देत नाही. चरबीत परतलेल्या पिठाचा प्रत्येक कण सुटा झालेला असतो, म्हणून सारे कण एकसारखे फुगतात. गव्हाच्या पिठातील पिष्ट सुमारे ६० अंश सेल्सियसपासून फुगू लागते, पण पुरा दाटपणा उकळी फुटण्याच्या बेतात येतो. यासाठी सर्व यखनी घालून झाल्यावर दहा मिनिटे मंद उकळी द्यावीच. पिठाचा कच्चेपणाही तेव्हाच जातो. पळीच्या पाठीवर ग्रेव्हीचा पातळ थर बसला आणि त्यावर बोटाने ओढलेली रेघ मिटली नाही, म्हणजे झाले. ताटात जाईपर्यंत ती आणखी दाटते, म्हणून चुलीवर असताना मनाजोगती होण्याच्या जरा अगोदरच उतरवावी. मीठ सर्वांत शेवटी, कारण रस आटला की खारटपणा वाढतो. परातीतले सुटलेले पाणी, चमचाभर आंबट संत्र्याचा रस, भरड मिरे, आणि गाळणीतून गाळून वाडग्यात.

पवित्र शास्त्रातही मांसाचा रस आणि त्यात बुडवलेली भाकर यांना त्यांचे स्थान आहे. शास्ते या पुस्तकात गिदोन देवदूतासाठी करडू शिजवतो तेव्हा मांस टोपलीत आणि रस्सा निराळ्या भांड्यात घेऊन येतो. पाहुण्यापुढे दोन्ही ठेवावयाचे हे त्या गरीब शेतकऱ्याला कळत होते. रूथच्या कथेतील प्रसंग तर आम्हांस अधिक जवळचा वाटतो. परमुलुखातली एक विधवा दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचावयास येते. जेवणाच्या वेळी बवाज तिला कापणी करणाऱ्यांच्या पंगतीत बोलावतो आणि आपला घास आंबेत बुडवून खाण्यास सांगतो. ती पोटभर जेवते आणि तिच्यापाशी उरतेही. एकाच वाडग्यात घास बुडवणे याचा अर्थ त्या काळी मोठा होता. आजही तो तसा लहान नाही, हे आम्हांस एका वर्षी उमगले.

ते वर्ष २००५. वऱ्हाडातील शेतकऱ्यांची ती वर्षे कशी गेली हे वाचकांनी वर्तमानपत्रांतून वाचले असेल. आम्ही ती गल्लीत पाहिली. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेचा आधार सुटत चालला होता, बियाण्याचा आणि औषधांचा खर्च वाढत होता आणि सावकाराचे व्याज थांबत नव्हते. पुढे २००६ च्या जुलैमध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. त्या सहांत यवतमाळही होता. पण आमच्या शेजारच्या घराला तोवर उशीर झाला होता. त्या दिवाळीनंतर तेथील कर्त्या पुरुषाने आपले जीवन संपवले. मागे वृद्ध आई, पत्नी आणि दोन लहान मुले राहिली.

डिसेंबर आला तेव्हा आमच्या घरांत प्रश्न उभा राहिला. भिंतीपलीकडे असे दुःख असताना अलीकडे रोस्ट भाजावा काय? काहींचे म्हणणे, या वर्षी मिस्सा करावी आणि जेवण राहू द्यावे. काहींचे म्हणणे, मुलांचा सण बुडवून त्या घराचे दुःख कमी होणार आहे काय? दोन्ही बोलण्यांत तथ्य होते. नाताळगीते घेऊन दारोदार जायचे नाही, तारा एकच लावायचा आणि जेवण साधे करायचे, असे ठरले. तेवढ्यात आजीने विचारले, “त्या पोरायले बोलवायचं का नाही?” साऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले. शेजारचे घर माळकरी. तुळशीची माळ गळ्यात असलेली म्हातारी आमच्या अंगणात बसून तासन्‌तास बोलत असे, पाणी पीत असे; पण आमच्या चुलीवरचे अन्न तिने कधी घेतले नव्हते आणि आम्हीही कधी आग्रह केला नव्हता. कोणाच्या व्रताला धक्का लावून शेजारधर्म होत नाही.

आजी तेव्हा ऐंशीच्या घरात होती. तिने शेजारच्या म्हातारीलाच जाऊन स्पष्ट विचारले: कोरे पातेले, कोरी पळी, तुमच्याच घरचे तूप आणि तुमच्याच घरचे पीठ, चालेल काय? म्हातारी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तुम्ही कराल तर चालन.” त्या वर्षी आमच्या अंगणात दोन चुली पेटल्या. एकीवर नेहमीचा कोंबडा. दुसरीवर मांसाचा स्पर्श नसलेली ग्रेव्ही. तिच्यासाठी आजीने कांद्याचे जाड काप, गाजर, मुळ्याचा तुकडा आणि दोन टोमॅटो तुपात इतके सावकाश लाल केले, की पातेल्याच्या तळाशी तशीच बदामी खरवड धरली. भाज्यांच्या साली आणि देठ उकळून यखनीच्या जागी पाणी घेतले. बाकी सारे तेच: पीठ तुपात परतणे, पळीपळीने पाणी, खरवड सोडवणे, दहा मिनिटांची उकळी. ओठांना चिकटणारा तो गुण तिच्यात नव्हता हे खरे. पण रंग तोच आणि सुवास त्याच्या अगदी जवळचा.

बरोबर खायला काय, हा प्रश्न वऱ्हाडात पडत नाही. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले गव्हाचे रोडगे आमच्याकडे शेतातल्या जेवणावळीला होतात, तेच केले. रोडगा फोडला की आतून वाफ निघते आणि त्याचे पदर रस शोषून घेतात. पावापेक्षा तो ग्रेव्हीला अधिक मानवतो, असे आमचे प्रामाणिक मत आहे. शेजारची दोन्ही मुले गव्हाणी पाहावयास आली आणि आमच्या मुलांच्या ओळीत बसून जेवली. धाकट्याने तीनदा ग्रेव्ही मागितली. त्यांची आई दारापर्यंत आली, आत आली नाही. तिच्यासाठी आणि म्हातारीसाठी झाकणाच्या डब्यातून रोडगे आणि ग्रेव्ही घरी गेली. तिसऱ्या दिवशी डबा परत आला. भांडे रिकामे परतवू नये या रीतीप्रमाणे त्यात तुरीच्या ओल्या शेंगा होत्या. त्या घरात मूठभर शेंगांनाही तेव्हा मोल होते, हे आम्हांस ठाऊक होते. आजीने त्या उकडल्या आणि घरातील प्रत्येकाच्या हातावर मोजून ठेवल्या.

आम्ही त्या नाताळाने कोणाचे दुःख हलके केले असा दावा करीत नाही. कर्ज होते तेवढेच राहिले, गेलेला माणूस परत आला नाही. पण त्यानंतर प्रत्येक वर्षी आमच्याकडे दोन पातेली चढू लागली. मोठी ग्रेव्ही आणि माळकरी ग्रेव्ही अशी त्यांना मुलांनीच नावे दिली.

आता आजी नाही. गार्डसाहेबांचे कुटुंब गोव्यास परतले, दक्षिणेकडच्या काकू नागपुरास मुलाकडे असतात, अनेकांची मुले पुण्या-मुंबईत आहेत. दुकानांत ग्रेव्हीची भुकटी पाकिटातून मिळते. गरम पाण्यात कालवली की दोन मिनिटांत तपकिरी रस तयार होतो. नोकरी करून थकून घरी येणाऱ्या सुनेने ती वापरली तर आम्ही नाक मुरडणार नाही. मात्र पाकिटावरील बारीक अक्षरे वाचली तर बहुधा मीठ, पिष्ट आणि रंग हेच त्यात पुढे दिसतात. ती ग्रेव्ही कोणत्याही रोस्टची नसते. आपल्या घरच्या ग्रेव्हीत मात्र त्या दिवशी आपल्या पातेल्यात जे भाजले गेले त्याचीच चव उतरते, आणि म्हणून दोन वर्षांची ग्रेव्ही कधी अगदी सारखी होत नाही.

वाचकहो, येत्या नाताळात आपल्या मेजावर कोणते मांस येईल हे ज्याच्या त्याच्या ऐपतीवर आणि रुचीवर अवलंबून आहे. कदाचित एखाद्या घरी ते मुळीच येणार नाही. तरीही जाड बुडाचे एक भांडे, दोन चमचे तूप, दोन चमचे पीठ, काही कांदे आणि एका तासाची सवड एवढ्या सामग्रीवर पंगत मोठी करता येते. ग्रेव्ही करताना दोन पळ्या अधिक यखनी घालावी. उरली तर दुसऱ्या दिवशी चांगली उकळी देऊन भातावर घ्यावी. त्या दिवशीची चव काही जणांना मूळ दिवसापेक्षाही अधिक आवडते. आणि उरली नाही, तर ती कोणाच्या तरी ताटात गेली असेल. सर्व वाचकांस ख्रिस्तजयंतीच्या हार्दिक शुभेच्छा.